व्हिटनीचं जिन जालन्यात का दिसत नाही?

प्रश्न : आमचं गाव राजूर. घरचा कापूस दरवर्षी जालन्याकडच्या जिनिंगमध्ये जातो. यंदा वडिलांसोबत मीही गेलो होतो. गाडी खाली होईपर्यंत आत उभं राहून यंत्रं पाहिली. शाळेत शिकलो होतो की अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ साली सरकी काढायचं यंत्र शोधलं आणि त्याला करवतीसारखे दाते असतात. इथे तर दाते कुठेच नव्हते, चामड्याचे जाड रूळ फिरत होते. मग हे यंत्र कुणाचं? व्हिटनीच्या आधी लोक सरकी कशी काढत? आजी सांगते, तिची आई घरी चरकीवर काढायची. आणि ते करवतीचं यंत्र आपल्याकडे का आलं नाही?
— एक वाचक, राजूर (ता. भोकरदन, जि. जालना)

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते अगदी बरोबर आहे. जालनाच काय, सेलू, परभणी, खामगाव, अकोट, यवतमाळ, कुठल्याही जिनिंगच्या लांबलचक शेडमध्ये जा, ओळीने उभी असलेली यंत्रं बहुतेक करून ‘डबल रोलर’ याच जातीची असतात. पुस्तकातलं वाक्यही खोटं नाही. पण ते अमेरिकेच्या एका भागातल्या, एका प्रकारच्या कापसाबद्दल आहे. तेच साऱ्या जगाच्या कापसाचा इतिहास म्हणून शिकवलं गेलं, आणि मग जालन्यात डोळ्यांसमोर चालणाऱ्या यंत्राला पुस्तकात जागाच उरली नाही. औद्योगिक क्रांती म्हटली की आपण परदेशी नावं आणि सनावळ्या पाठ करतो. ते शोध आपल्या मातीत आल्यावर त्यांतले कोणते टिकले, कोणते माघारी गेले आणि का, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

आधी पणजीची चरकी. एकावर एक बसवलेले दोन बारीक रूळ, कधी दोन्ही लाकडी, कधी एक लोखंडी. एका हाताने मूठ फिरवायची, दुसऱ्या हाताने कापूस रूळांच्या फटीत धरायचा. उसाच्या चरकाचीच रचना, फक्त फट इतकी अरुंद की रुई ओढली जाते आणि सरकी अलीकडे गळून पडते. नीट पाहिलं तर त्या चरकीतली सर्वांत हुशारीची गोष्ट रूळांच्या टोकाला असते. तिथे मळसूत्री आटे कोरलेले असतात. ते एकमेकांत अडकतात, त्यामुळे एकच रूळ फिरवला तरी दुसरा आपोआप उलट दिशेने फिरतो. लाकडात कोरलेली ही दंतचक्रंच म्हणायची. तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत ती भारतात रूढ झालेली होती, असं इतिहासकार मानतात. ज्या सुताराने ती पहिल्यांदा कोरली त्याचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही, आणि याची मला खरोखर खंत वाटते.

त्याच्याही मागे जाता येतं, आणि त्यासाठी तुम्हाला फार लांब जावं लागणार नाही. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी १९७४ साली प्राचीन भारतातल्या कापूसकामावर एक लेख लिहिला. सरकी काढण्याचं एकाच रुळाचं साधन अजिंठ्याच्या चित्रांत आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. खाली सपाट पाट किंवा दगड, वर लोखंडी सळईसारखा रूळ. तो कापसावरून लाटला की सरकी पुढे सरकते आणि तंतू मागे राहतात. ही चित्रं पाचव्या शतकातली. सरकी काढायच्या साधनाचा जगातला सर्वांत जुना पुरावा म्हणून अभ्यासक त्यांचाच दाखला देतात. तुमच्या तालुक्याचं भोकरदन त्याहून जुनं : सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या, म्हणजे भोकरदनच्या, दात्यांची नावं आहेत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आजचं तेर, इथून भडोच बंदराकडे मोठ्या प्रमाणावर कापड जात असल्याचा उल्लेख आहे. एवढं कापड विणायचं तर आधी सरकी काढावीच लागणार. म्हणजे मराठवाड्याच्या मातीत हे काम दोन हजार वर्षं तरी चालू आहे.

चरकीचा वेग किती? एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींनुसार एक पुरुष आणि एक बाई मिळून दिवसाला सुमारे २८ पौंड, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास कापूस साफ करत. घरच्या सुताला एवढं भरपूर झालं. गिरणीला मात्र ते पुरणारं नव्हतं.

आता व्हिटनी. अमेरिकेच्या समुद्रकाठी आणि बेटांवर लांब धाग्याचा कापूस पिके. त्याची सरकी काळी, गुळगुळीत, तंतू सैल धरणारी. तिच्यासाठी तिकडेही रुळांचीच साधनं वापरात होती. अडचण होती ती आतल्या मुलखातल्या आखूड धाग्याच्या कापसाची. त्याची सरकी हिरवट, केसाळ. तंतू इतके चिवट धरून बसलेले की साध्या रुळांना दाद देत नसत. येल महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला व्हिटनी तेव्हा जॉर्जियातल्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर राहत होता. १७९३ साली त्याने जे यंत्र केलं त्यात लाकडी नळकांड्यावर तारांचे आकडे बसवलेले होते. ते अरुंद फटींतून जाताना तंतू ओढून नेत, सरकी फटीतून जाऊ शकत नसल्यामुळे मागेच राही आणि पलीकडचा फिरता ब्रश आकड्यांवरची रुई झाडून काढी. १४ मार्च १७९४ रोजी त्याला पेटंट मिळालं. दोन वर्षांनी हॉजन होम्सने तारांच्या जागी गोल करवती बसवल्या. तुमच्या पुस्तकातले दाते या करवतींचे आहेत.

या यंत्राने जे घडवलं ते केवळ तांत्रिक नव्हतं, आणि ते सोडून पुढे जाता येत नाही. १७९० च्या सुमारास अमेरिकेत फार तर तीन हजार गाठी कापूस होई. १८६० मध्ये तो चाळीस लाख गाठींच्या जवळ पोहोचला. त्याच सत्तर वर्षांत गुलामांची संख्या सात लाखांवरून जवळजवळ चाळीस लाखांवर गेली. सरकी काढणं यंत्रावर आलं, पण पेरणी, खुरपणी आणि वेचणी हातानेच होती. सरकीपाशी जो अडथळा होता तो दूर झाल्यावर मळेवाल्यांना कितीही जमीन आणि कितीही माणसं कापसाला जुंपता येऊ लागली. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने शेतातल्या माणसाचे श्रम वाढवले. व्हिटनीच्या चित्राखाली हे दोन आकडेही छापायला हवेत असं मला वाटतं.

मग हे यंत्र आपल्याकडे आणलं गेलं नाही का? गेलं, आणि मोठ्या हौसेने. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर जगत होत्या. एकाच देशावर एवढं अवलंबून राहणं धोक्याचं आहे हे त्यांना कळत होतं. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतून दहा अनुभवी मळेवाले आणले. सोबत तिकडचं बी आणि करवतीची जिनं आली. या मळेवाल्यांना मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांत वाटून दिलं. बहुतेक ठिकाणी प्रयोग फसला. धारवाडकडे मात्र अमेरिकन बी रुजलं, ‘धारवाड-अमेरिकन’ नावाने तो कापूस बाजारात आला आणि त्या केसाळ सरकीसाठी करवतीचं जिनही तिथे टिकलं. करवतींना वरचेवर धार लागते, फटी झिजतात, म्हणून दुरुस्तीसाठी तिथे सरकारी कारखानाही चालवावा लागला.

इतरत्र अडचण आपल्या कापसाची होती. दख्खन, वऱ्हाड, खानदेशातला गावरान कापूस अमेरिकेच्या त्या कापसाहूनही आखूड धाग्याचा. तो कापूस करवतीच्या तोंडी दिला की आधीच आखूड असलेला तंतू मधेच तुटे, रुईत बारीक गाठी पडत, आणि व्यापारी भाव पाडून मागत. वेगाने काम होऊनही शेतकऱ्याच्या हाती कमीच पडे. आपल्या शेतकऱ्याने नवं यंत्र नाकारलं ते अडाणीपणामुळे, असं त्या काळचे साहेब लिहीत. हिशेब मांडून पाहिला तर शेतकऱ्याचंच बरोबर होतं.

ज्या यंत्राने अखेर आपल्याकडे बस्तान बसवलं, त्याचाही जन्म अमेरिकेतच झाला. १८४० साली अलाबामा राज्यातल्या फोन्स मॅकार्थीने त्याचं पेटंट घेतलं. त्याने ते समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसासाठी बनवलं होतं. तुम्ही जे पाहिलंत त्याचं मूळ हेच. त्याची करामत अशी : चामड्याचा खरबरीत रूळ फिरतो आणि त्याला घट्ट टेकून एक स्थिर पोलादी पातं असतं. चामडं तंतूंना चिकटून पात्याखालून ओढून नेतं. सरकी पात्याच्या धारेपाशी अडते. तेवढ्यात दुसरं, खालीवर हलणारं पातं तिला ठोकर देतं आणि ती तंतूंपासून सुटून जाळीतून खाली पडते. तंतू कापला जात नाही, ओरबाडलाही जात नाही. त्यामुळे त्याची लांबी शाबूत राहते. रचनेच्या दृष्टीने पाहाल तर चरकीच्या दोन रुळांपैकी एकाच्या जागी इथे पातं आलं आहे. रुळाने ओढायचं आणि सरकीला अलीकडे अडवायचं, हे तत्त्व दोन्हीकडे तेच आहे.

इंग्लंडमध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने ही यंत्रं बनवून इजिप्त आणि हिंदुस्थानात पाठवली. पुढे एकाऐवजी दोन रूळ बसवले आणि हलतं पातं त्यांच्या मधे आणलं, म्हणजे डबल रोलर जिन झालं. सुरुवातीला वाफेच्या इंजिनावर, मग तेलाच्या इंजिनावर आणि शेवटी विजेच्या मोटारीवर ते चाललं. शक्ती बदलत गेली, पण चामडं आणि पातं तेच राहिलं. आज त्यांचं उत्पादन आपल्याकडे, प्रामुख्याने नागपूरला, होतं आणि तिथून ती पूर्व आफ्रिकेतही जातात.

यंत्र तयार असणं वेगळं आणि ते जालन्यात येणं वेगळं. त्यासाठी एक युद्ध आणि एक रेल्वे लागली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरचा कापूस बंद पडला. चार वर्षं सगळ्यांची नजर मुंबईकडे लागली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईचे कितीतरी सटोडिये बुडाले, पण वऱ्हाड-खानदेशातला कापूस जगाच्या बाजाराशी जोडला गेला तो कायमचा. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारापर्यंत खास फाटा टाकून रेल्वे नेली आणि तिच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्रातल्या तारेने जोडले गेले, म्हणजे लिव्हरपूलचा भाव मुंबईत काही तासांत कळू लागला.

जालना निजामाच्या राज्यात. तिथे रेल्वेचे रूळ यायला आणखी तीस वर्षं गेली. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि जालना तिच्यावरचं मोठं स्थानक झालं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्याआधीची, पण कापसाने तिला नवा अर्थ दिला. जिनं मुंबईत न उभारता इथेच का उभारली, याचं उत्तर तुमच्या घरच्या हिशेबात आहे. एक क्विंटल कापसातून रुईचा उतारा पडतो ३४-३५ किलो, बाकी जवळजवळ सगळी सरकी. ती सरकी मुंबईपर्यंत वाहून न्यायची कशाला? तिचं गिऱ्हाईक, म्हणजे ढोरं आणि तेलघाणा, इथेच आहे. आणि रुई फुगलेली असते, डबा भरतो पण वजन भरत नाही. म्हणून जिनाशेजारी प्रेस. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये शोधलेल्या जलदाबाच्या प्रेसच्या धर्तीवर ती रुई दाबून तिच्या घट्ट गाठी बांधतात. आजची आपली गाठ १७० किलोची. शेताजवळ जिन, रेल्वेच्या रुळांजवळ प्रेस : मराठवाडा, वऱ्हाड आणि खानदेशातल्या कितीतरी बाजारगावांची वस्ती याच हिशेबाने वाढली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चरकी घरात फिरायची तेव्हा ती बहुतेक बाईच्या हातात असे. जिन आलं तरी रुळासमोर उभी राहिली ती बाईच. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसमोर खानदेशातल्या जिनांची हकीकत आली. हंगामात बायका पहाटे चार-पाचला कामाला लागत आणि रात्री आठ-नऊला सुटत. काम तुंबलं की सलग काही दिवस रात्रंदिवस उभ्या असत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याचा त्यांना उपयोग नव्हता. शंभराहून कमी कामगार असलेले किंवा वर्षातून चार महिन्यांहून जास्त न चालणारे कारखाने त्यातून सुटत, आणि जिन तर हंगामीच. नारायण मेघाजी लोखंडे त्याच सुमारास मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवत होते. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये साडेपाच हजार कामगारांच्या वतीने त्यांनी जो अर्ज तयार केला, त्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती मागितली होती. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने बायकांचं काम अकरा तासांवर आणलं आणि पन्नास कामगारांचे कारखानेही कक्षेत घेतले. जालना मात्र निजामाच्या हद्दीत असल्यामुळे इंग्रजी मुलखातला हा कायदा इथे लागूच नव्हता. आजही जिनिंगच्या शेडमध्ये हवेत तरंगणारी रुई छातीत जाते, आणि नाकावर पदराशिवाय काही नसलेल्या बायका तिथे दिसतात. औद्योगिक युगाच्या प्रगतीची गोष्ट सांगताना त्यांचा श्वासही मोजायला हवा.

दुसरी गोष्ट बियाण्याची. चरकीवर सरकी घरीच निघायची, त्यामुळे पुढच्या वर्षीचं बी घरात राहायचं आणि कोणत्या शेताचं कोणतं बी हे घरातल्या बाईला ठाऊक असायचं. जिनात दहा गावांचा कापूस एका ढिगात पडतो, सरकी मिसळते. लांब धाग्यासाठी नावाजलेल्या हिंगणघाटी बनी कापसासारख्या जातींचा कस उतरत गेला, त्यात या सरमिसळीचा मोठा हात होता. कापसाची भेसळ थांबवण्यासाठी सरकारला १९२३ मध्ये कापूस वाहतुकीचा आणि १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंगचा कायदा करावा लागला. १९२४ मध्ये माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा निघाली, तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. घरचं बी गेलं तशी बियाणं विकत घेण्याची वाट मोकळी झाली. पुढे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यातच बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जिनांचं गाव बियाण्यांचं गावही झालं, यात मला तरी नुसता योगायोग दिसत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. गावरान कापूस जवळजवळ गेला, नांदेड-४४ सारखे संकरित वाण येऊन गेले आणि आज तुमच्या रानात उभी आहे ती पऱ्हाटी अमेरिकन जातीच्या कापसाची. मग आता तरी करवतीचं जिन का नको? कारण आपला कापूस अजून हाताने वेचला जातो. वेचणाऱ्या बायका बोंडातला कापूस तेवढा काढतात. पानं, काड्या कमी येतात. स्वच्छ कापसाला रूळ पुरतो, तंतूची लांबी टिकते, वीज कमी लागते आणि बिघाड झाला तर गावचा फिटर दुरुस्त करू शकतो. डबल रोलर यंत्र ताशी ४० ते १०० किलोच्या आसपास रुई देतं. करवतीचं मोठं जिन तेवढ्याच वेळात दहाहून जास्त गाठी काढतं. पण अमेरिकेतला कापूस यंत्राने वेचलेला असतो, त्यात पाचोळा फार येतो, आणि वेगाबरोबर सफाईची लांबलचक व्यवस्था तिथे लागतेच. अतिलांब धाग्याच्या पिमा कापसासाठी मात्र अमेरिकासुद्धा रुळाचंच जिन वापरते.

रुळाचे दोष नाहीत असं नाही. चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियम रूळ झिजताना धुळीतून रुईत आणि कामगाराच्या फुप्फुसात जातं. म्हणून वर सांगितलेल्या माटुंग्याच्या संस्थेने रबराचे रूळ तयार केले. ते प्रत्येक जिनात लवकर बसायला हवेत.

करवतीचं जिन पुढे जालन्यात येणारच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. वेचणीला माणसं मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, ही तक्रार तुमच्या घरीही असेल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडून सघन लागवडीचा आग्रह चालू आहे, आणि बुटकी, एकाच वेळी फुटणारी पऱ्हाटी यंत्राने वेचता येते. तसा कापूस गाड्यांतून यायला लागला, तर त्यातला पाचोळा काढताना रूळ थकतील, आणि करवत की रूळ हा १८४० च्या दशकात धारवाडला पडलेला प्रश्न जिनवाल्यांपुढे पुन्हा उभा राहील. त्याचा निर्णय जिनवाल्यांच्या आधी शेतात होईल : कोणतं बी पेरायचं आणि कोणाच्या हातून वेचायचं, यावर.